चौपन्न पायऱ्यांच्या कॅलरी

सोमवार, ५ मार्च १९८४. सकाळ.

वजन ७८ किलो. डॉ. कागलकरांच्या दवाखान्यातल्या काट्यावर, चपला काढून. बांगड्या काढायच्या राहिल्या, तेव्हा खरं तर सत्त्याहत्तर आणि काही ग्रॅम. तरी प्रामाणिकपणे ७८ लिहिते.

आजपासून रोज लिहायचं. ह्यांच्याकडे दरवर्षी वकिलांसाठी छापलेल्या दोन डायऱ्या येतात, त्यातली एक घेतली. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘पुढील तारीख’ असा रकाना आहे. तो रिकामाच राहील. मी काही कोर्ट नाही.

कारणही लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी विसरायला नको. सुनीतीला सातवा लागला. लेकीचं पहिलं बाळंतपण. माहेरी, माझ्याकडे व्हायचं. पण तिचं ब्लडप्रेशर वर गेलं आणि पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केला. म्हणजे आता आईनंच लेकीकडे जायचं. लेक राहते तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. पायऱ्या चौपन्न, जावईबापूंनी मोजून कळवल्यात. आणि माझे गुडघे हे असे.

डॉ. कागलकर म्हणाले, “कालिंदीवहिनी, मेअखेरपर्यंत वेळ आहे. सहा किलो उतरवा आणि खुशाल चढा. नाहीतर वर पोचाल, आणि सुनीतीच्या शेजारी तुमचीही कॉट टाकावी लागेल.”

सुनीतीचं पत्र : ‘आई, तू गुडघे दुखवून येऊ नकोस. सासूबाई नाशिकहून येणार आहेतच.’

विहीणबाई बासष्ट वर्षांच्या आहेत आणि काठीसारख्या. मागच्या वर्षी इथे आल्या तेव्हा पन्हाळ्यावर चालत गेल्या, चालत आल्या, आणि पाय धुता धुता विचारलं, “मग आता संध्याकाळी काय करायचं?”

बाई चांगल्या आहेत. पण आई मी आहे.

मंगळवार, ६ मार्च. दुपारी ३.

डॉक्टरांनी एक पुस्तिका दिली. कुठल्याशा औषधकंपनीची, इंग्रजी. म्हणाले, “तुम्ही कॉन्व्हेंटच्या. तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.” खरंच नाही. पहिली चार पानं प्रस्तावनेची आहेत, ती सोडली. सरळ तक्ता काढला. माणूस कुठल्या कामात तासाला किती कॅलरी जाळतो, ते सगळं दिलंय. झोपणे ६५. बसणे १००. उभे राहणे १२०. सावकाश चालणे २००. पुढे लाकूड फोडणे, घोडेस्वारी, बर्फ उपसणे. ती मला लागू नाहीत.

एक पौंड चरबी म्हणजे ३,५०० कॅलरी. सहा किलो म्हणजे तेरा पौंड. म्हणजे जाळायच्या ४५,५००. आकडा मोठा आहे. पण घाबरून उपयोग नाही. बेळगावला सिस्टर बेनेडिक्टा गणिताला म्हणायच्या, नुसतं उत्तर बरोबर आलं तर शून्य, रीत दाखवा. रीत दाखवते.

झोप, दुपारची धरून, ९ तास : ५८५. बसणे १० तास : १,०००. उभे राहणे ३ तास : ३६०. चालणे १ तास : २००. एकूण २,१४५. चोविसावा तास मोठ्या मनानं सोडून दिला. सोयीसाठी रोजचे २,१०० धरते.

४५,५०० भागिले २,१००. साधारण बावीस दिवस.

तीनदा भागाकार केला. बावीसच. मी अठ्ठावन्न वर्षं रोज दोन हजार कॅलरी जाळत होते आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही!

बुधवार, ७ मार्च.

तक्ता ह्यांना दाखवला. चाळीस वर्षं कोर्टात उलटतपासणी घेतल्यामुळे ह्यांना घरात सरळ बोलता येत नाही. विचारलं, “झोपेत पाचशे पंच्याऐंशी जळतात?” म्हटलं, हो. “परवा झोपली होतीस?” होते. “म्हणजे परवाही जळल्या?” जळल्या असतील की. “मग परवा बारीक का नाही झालीस?”

वकिली मुद्दा आहे. परवा मी मोजत नव्हते. ह्यांना तसं सांगितलं आणि चहा टाकायला उठले. (उभे राहणे, पाच मिनिटं : १०.)

रविवार, ११ मार्च. सकाळी ८.

पहाटे उठून एकटीच रंकाळ्यावर गेले. पाण्यावरून गार वारं येत होतं. बोर्डिंगात अशाच वाऱ्यात ड्रिल असायची. सिस्टर बेनेडिक्टांच्या तोंडात शिट्टी, आणि मी ड्रिल-कॅप्टन. वजन ४८. दोरीवरच्या उड्या दोनशे, सलग. एकदा शिट्टी वाजली तरी मी थांबलेच नाही, आणि सिस्टर हसल्या होत्या. त्यांना हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं. ती मुलगी या अंगात कुठेतरी अजून असणारच. तिच्यावर तीस किलो सामान पडलंय, इतकंच.

अर्धी फेरी मारली. उरलेली अर्धी बाकावर बसून मनाशी पक्की केली.

येताना गंगावेशीतून आले. तिथे म्हशी रस्त्यातच उभ्या असतात आणि धार थेट आपल्या ग्लासात काढून देतात. गुडघ्यांना कॅल्शियम लागतं. म्हणून एक ग्लास. केरबा गवळी म्हणाला, “वैनीसाब, घ्या की आणि अर्धा. नुस्ता फेस हाय त्यो, दूध कुठं हाय त्यात?” त्याचं म्हणणं पटलं. फेस म्हणजे शेवटी हवा. आणि दूध हे औषध. दोन्हीच्या कॅलरी धरल्या नाहीत.

मंगळवार, १३ मार्च.

आमच्या माडीचा जिना चौदा पायऱ्यांचा. चार वेळा चढला की छप्पन्न. म्हणजे सुनीतीच्या दारात पोचून वर दोन शिल्लक. हीच रोजची प्रॅक्टिस.

आज सकाळी पाच चढले, तेवढ्यात दूध उतू जातंय असं वाटलं. (गेलं नव्हतं.) दुपारी चार. एकूण नऊ. चौपन्न पायऱ्या एका दमात चढायच्या असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. उरलेल्या पंचेचाळीस उद्यावर.

जिन्यावर वर्दळ मात्र भरपूर झाली. झुंबरबाई वीस वर्षं आमच्याकडे कामाला आहे. तिला म्हटलं, वरून चष्मा आण. मग पुस्तिका. मग चष्म्याचं घर. चौथ्या खेपेला कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “वैनीसाब, काय ते एकदाच सांगा की. का जिनाच आणू खाली?”

घर माझं, जिना माझा, हुकूम माझा. तिच्या निम्म्या कॅलरी माझ्याकडे धरल्या.

शनिवार, १७ मार्च. होळी.

पुरणपोळ्या चोवीस. सगळ्या मी लाटल्या. सणाच्या दिवशी मोजू नये.

बुधवार, २१ मार्च.

वर्षाचं तिखट आपण गिरणीत कांडून आणतो. यंदा घरीच उखळात कांडायचं ठरवलं. मुसळाचं काम लाकूड फोडण्याच्या तोडीचं आहे, म्हणजे तासाला चारशे तरी. पदर खोचला आणि सुरू केलं.

बारा घाव घातले. तेराव्याला शिंका सुरू झाल्या त्या सत्तावीस. (हे मोजत होते.) झुंबरबाईनं मुसळ हातातून काढून घेतलं. “सरा बाजूला. मुसळ पायावर पडंल, आणि पुण्याला जायाचं ऱ्हाऊन जाईल.” मग तिनं दोन तास कांडलं आणि मी समोर बसून कसं कांडायचं ते सांगितलं.

शिंकताना सगळं अंग हलतं. तक्त्यात शिंक नाही. ही त्या पुस्तिकेतली मोठीच उणीव आहे.

मंगळवार, २७ मार्च. सकाळी १०.

झालं! बावीस दिवस पूर्ण. २२ गुणिले २,१०० म्हणजे ४६,२००. हव्या होत्या त्यापेक्षा सातशे जास्तच. गणितानं मी आज ७१ किलो आणि नऊशे ग्रॅम आहे.

हे म्हणाले, कागलकरांच्या काट्यावर उभी राहून ये. मी नाही म्हटलं. रीत दाखवून आलेलं उत्तर पुन्हा काट्यावर ताडून बघणं म्हणजे सिस्टर बेनेडिक्टांवर अविश्वास.

ब्लाउज अजून दंडात आवळतोय. धुऊन आटला असणार.

मग दोन पत्रं टाकली. एक सुनीतीला : ‘सहा किलो उतरले. पंधरा मेला येते.’ दुसरं विहीणबाईंना : ‘बावीस दिवसांत सहा किलो कमी केले. मी जाऊ शकते, तेव्हा आपण या वयात उन्हाळ्याचा प्रवास करून त्रास घेऊ नये.’ ‘या वयात’ लिहिताना जरा बरं वाटलं. देव क्षमा करो.

मंगळवार, २७ मार्च. दुपार.

गंभीर गोष्ट लक्षात आली. याच गतीनं मी जळत राहिले तर काय होईल म्हणून सहज पुढे हिशेब केला. १७ डिसेंबरला माझं वजन शून्य होतं.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेन काढून आपल्या डायरीत तारीख टिपून घेतली. “त्या दिवशी मला कोर्टात काम आहे,” म्हणाले, “पण बघतो.”

थट्टा सोडा. बाळंतिणीच्या उशाशी अशक्त आई काय कामाची? तेव्हा उद्यापासून थोडं खाणं वाढवायचं. नाश्त्याला दोन पोळ्या जास्त. तूप बेताचं.

गुरुवार, ५ एप्रिल.

चैत्रगौरी बसल्या. आता अक्षय तृतीयेपर्यंत पेठेत घरोघर हळदीकुंकू. म्हणजे चालण्याची आयती सोय. आज पाच घरं केली, सगळी पायी. एकूण चाल पाऊण तास : १५०.

प्रत्येक घरी आंब्याची डाळ आणि कैरीचं पन्हं. शिवाय ओटीत भिजवलेले हरभरे. प्रसाद नाकारता येत नाही. जे नाकारता येत नाही, ते धरता येत नाही.

शालूबाईंच्या डाळीला खोबरं सढळ असतं, म्हणून परत मागून घेतली. त्या म्हणाल्या, “कालिंदीताई, अंगानं भरलात हो. तब्येत छान दिसते.” चेहऱ्यावर तेज आलंय असं त्यांना म्हणायचं असावं.

शनिवार, १४ एप्रिल.

पुण्याच्या गाडीची वेळ बघायला एस.टी. स्टँडवर गेले. तिथे नाणं टाकून तिकीट देणारं वजनाचं यंत्र आहे. उत्तर माहीतच होतं, तरी गंमत म्हणून उभी राहिले. लाल-पिवळे दिवे फिरले, खडखड झाली, तिकीट पडलं.

८०.

मागे भविष्य छापलेलं : ‘आपल्या परिश्रमाचे फळ लवकरच दिसू लागेल.’

यंत्र बसच्या धक्क्यानं हलत होतं. शिवाय हातात पिशवी होती. पिशवीत एक छत्री आणि दोन किलो कैऱ्या. पण त्या दोन वजा केल्या तरी... नकोच. हललेल्या यंत्राची साक्ष ग्राह्य नाही.

तिकीट ह्यांना दाखवलं. दोन्ही बाजू वाचून परत देताना म्हणाले, “भविष्य बरोबर आहे.”

सोमवार, १६ एप्रिल.

अण्णासो ह्यांचे जुने अशील. त्यांची मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. त्यांचा काटा जमिनीत पुरलेला, कुठल्याही बसनं न हलणारा. पिशवी न घेता गेले. झुंबरबाईला सोबत नेलं.

गुळाची तीस किलोची ढेप असते, तिला तिथे रवा म्हणतात. अण्णासोंनी काटा बघितला आणि हमालांसमोर मोठ्यानं सांगितलं, “दोन रवं आणि वर वीस किलो! वैनी, माल चांगला हाय!”

म्हणजे ऐंशी. म्हटलं, काटा एकदा तपासून घ्या. अण्णासो दुखावले. “वैनी, व्यापाऱ्याचा काटा हाय ह्यो. कमी दावंल एकवेळ, जास्त न्हाय दावायचा.”

मग झुंबरबाईला उभं केलं. एक रवा आणि वर अकरा किलो. ती म्हणाली, “बघा की, चोळी ढिली झालीया माझी. तुमच्या जिन्यानं.” हमाल हसले. मी हसले नाही. घरी आल्यावर तिला रोज जाताना मोठा पेलाभर दूध द्यायचं ठरवलं. त्यातला फेस धरायचा नाही.

कैऱ्या वजा केल्या तर शनिवारचे ७८ आणि आजचे ८०. म्हणजे दोन दिवसांत दोन किलो. असं होऊ शकत नाही. यातला एक काटा तरी खोटा आहे. दोन्ही खोटे असतील तर मी ७२ असू शकते.

सोमवार, १६ एप्रिल. संध्याकाळ.

नाही. असू शकत नाही.

सुनीतीचं पत्र आलंय. ‘आई, सहा किलो! मला रडूच आलं. सासूबाई आता येणार नाहीत असं समजलं. खरं सांगू का, मला तूच हवी होतीस. भीती वाटते ग. तू नुसती उशाशी बसलीस तरी पुरे.’

तीनदा वाचलं. विहीणबाईंना आत्ताच खरं कळवायला हवं. इनलँड काढलं. ‘सौ. विहीणबाईंस सा. न. वि. वि.’ इथपर्यंत लिहिलं. पुढे काय लिहायचं? की मला भागाकार येतो आणि बाकी काही येत नाही?

पुढील तारीख : २३ एप्रिल.

सोमवार, २३ एप्रिल.

उपास. फक्त साबुदाण्याची खिचडी, शिंगाड्याचा शिरा, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी.

इनलँड सापडत नाही. पुढील तारीख : २८ एप्रिल.

शनिवार, २८ एप्रिल.

नवीन निश्चय. आता खरा व्यायाम, हाताचा. गुडघ्यांना त्रास नाही. तक्त्यात ‘नाव वल्हवणे’ तासाला ४०० आहे. नाव नाही, पण आइस्क्रीमचा पॉट आहे. लाकडी बादली, भोवती बर्फ आणि मीठ, वर फिरवायचा दांडा. पाऊण तास फिरवला, एकटीनं. हे हात लावायला आले, पण येऊ दिलं नाही. शेवटी शेवटी दांडा इतका जड झाला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ३०० कॅलरी, आणि यावेळी खऱ्या. अंगाला घाम होता.

आमरसाचं आइस्क्रीम. माणसं आम्ही दोनच. उरलेलं टिकत नाही.

इनलँड सापडलं, या डायरीतच. मी ते सापडणार नाही अशा ठिकाणी ठेवलं होतं.

पुढील तारीख : ७ मे, नक्की.

बुधवार, ९ मे. सकाळी ११.

जावईबापूंचा ट्रंक कॉल. शेजारच्या वकिलांच्या ऑफिसात आला, धावत गेले. सुनीतीचं ब्लडप्रेशर एकदम चढलं. तीन आठवडे आधीच दवाखान्यात ठेवलंय. कदाचित ऑपरेशन. घरी दुसरं कुणी नाही.

घरी दुसरं कुणी नाही, कारण मी येणार होते. पंधरा तारखेला.

तिथूनच डॉ. कागलकरांना फोन केला. वजन विचारतील म्हणून आधीच सांगितलं : ऐंशी. ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही निघा. दवाखाना तळमजल्यावर असतो. जिन्याचं पुढं बघू.”

झुंबरबाईनं बॅग भरली. मला विचारलंसुद्धा नाही काय घ्यायचं ते. “आईनं जायाचंच असतंय. गुडघ्यानं न्हाय तर रांगत जायाचं,” म्हणाली, आणि बॅग एस.टी. स्टँडपर्यंत आणून दिली.

हिशेब केला नाही.

गुरुवार, १० मे. पुणे.

मुलगी. पहाटे. ऑपरेशन करून. दोन किलो तीनशे. सुनीती ठीक आहे.

मी पोचले तेव्हा विहीणबाई आधीच व्हरांड्यात होत्या. मी त्यांना कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं. बावीस दिवस, भागाकार, गुळाचा काटा, इनलँड. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, “बावीस दिवसांत सहा किलो, असं तुमचं पत्र वाचलं, त्याच दुपारी मी बॅग भरून दाराशी ठेवली होती. एकदा तुमच्या घरी जेवलेय ना मी.”

मग मला रडू आलं आणि त्यांनी पदरानं माझे डोळे पुसले. त्यांचा हात फारच बारीक आहे. हाडं लागतात.

रविवार, १३ मे.

दवाखान्यात. सुनीतीच्या उशाशी खुर्ची. मी बसलेली.

शुक्रवार, १८ मे. संध्याकाळ.

आज घरी सोडलं. चौपन्न पायऱ्या.

डॉक्टरीणबाईंनी सुनीतीला सांगितलं होतं, टाके ओले आहेत, जिना सावकाश चढा, मध्ये मध्ये बसा. म्हणजे तिची गती आणि माझी गती जगात प्रथमच एक झाली. विहीणबाई बाळाला घेऊन सरळ वर गेल्या, बाळ वर जावईबापूंकडे देऊन स्टूल घेऊन खाली आल्या. ते स्टूल प्रत्येक वळणावर ठेवायचं. आधी सुनीती बसायची, मग मी. मी बसले की सुनीती कठडा धरून उभी राहायची आणि हसवू नको म्हणून मला विनवायची, कारण हसलं की तिचे टाके दुखत.

पाच पायऱ्या, स्टूल. चार पायऱ्या, स्टूल. मार्चमध्ये मी नेमकी अशीच प्रॅक्टिस केली होती, हे मी सर्वांच्या निदर्शनास आणलं. चाळिसाव्या पायरीवर गुडघा म्हणाला, बस्स. सुनीतीनं माझा हात घट्ट धरला. तिच्या पोटाला टाके, माझ्या गुडघ्यात सुया, कोण कुणाला वर नेत होतं कळलं नाही.

अडतीस मिनिटं. जावईबापूंनी वेळ लावली होती. विहीणबाई या काळात तीनदा वरखाली झाल्या.

रविवार, २७ मे. दुपार.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे वजनाचा काटा आहे. त्या हौसेनं वर घेऊन आल्या.

रीत दाखवते. मूळ वजन ७८. पहिल्या बावीस दिवसांत जाळल्या ४६,२००. उरले ८१.

पुस्तिकेची पहिली चार पानं आज वाचली. दुसऱ्याच पानावर जाड टाइपात आहे की या आकड्यांत माणूस नुसता जगायला जेवढं जाळतो तेही आलं. तेवढं तो रोज खातोच. बारीक होतो तो त्याच्यावर केलेल्या श्रमानं, आणि तेही जेवण वाढवलं नाही तर. म्हणजे ह्यांचा मुद्दा पहिल्या दिवशीच बरोबर होता. हे ह्यांना कळवायचं नाही.

इथे माझा उपयोग असा काही नाही. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं तर जमिनीवर बसावं लागतं; मला बसता येतं, पण मग उठवायला दोघं लागतात. ते विहीणबाई करतात. स्वयंपाक त्याच करतात. खाली जाऊन भाजी त्याच आणतात. एकदा खाली गेले तर मला पुन्हा वर आणायचं कुणी, म्हणून मी दहा दिवस जिना पाहिलेला नाही.

पण बाळ रडायला लागलं की विहीणबाईंच्या मांडीवर थांबत नाही. त्यांनी ओव्या म्हटल्या, पाय हलवले, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. शेवटी चिडून म्हणाल्या, “घ्या बाई, तुमच्याकडेच थांबते ती. माझ्याकडे नुसती हाडं.” माझ्या मांडीवर ठेवलं, आणि गप्प. दोन मिनिटांत झोप. रोज असंच. ऐसपैस पडते, हात पसरून, जणू गादीच घातलीय.

सुनीतीच्या वेळी मी माहेरी आईकडे होते. आई माझ्याहून जाड. सव्वा महिना ती काहीही करताना मला आठवत नाही. नुसती बसलेली आठवते. खोलीत ती बसलेली असली की भीती वाटायची नाही.

आत्ता बाळ मांडीवर आहे, म्हणून डायरी उशीवर टेकवून लिहितेय. अक्षर वाकडं येतंय. दोन तास झाले, पाय बधिर झालेत. तक्त्यात ही ओळ नाही. नुसतं ‘बसणे’ धरलं तर दोनशे.

विहीणबाई सुनीतीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांपैकी एक माझ्यासाठी घेऊन आल्या. मी ठामपणे नको म्हटलं. म्हटलं, हात रिकामा नाही. मग त्यांनीच भरवला.

भरवलेलं धरत नाहीत.